चितार आळीतून बनवून घेतलेलं नॅट

सावंतवाडीच्या चितार आळीतल्या एका कारागिराकडून मी दोन लाकडी विमानं बनवून घेतली. एक नॅट, म्हणजे आपल्या हवाई दलाचं छोटं लढाऊ विमान. दुसरं सेबर, युद्धात त्याच्यासमोर आलेलं पाकिस्तानचं लढाऊ विमान. दोन्ही चोविसास एक या मापात, म्हणजे खऱ्या विमानाचे चोवीस इंच तो लाकडाचा एक इंच. नॅटचे साडेतीन हजार आणि सेबरचे साडेचार हजार रुपये पडले. आमच्या गावच्या हायस्कूलच्या वाचनालयात काचेच्या कपाटात ठेवण्यासाठी ती हवी होती, आणि आता ती तिथेच आहेत. काम मनापासून आवडलं, काही ठिकाणी नाराजीही आहे. दोन्ही सविस्तर लिहितो, कारण अशी ऑर्डर द्यायचं कोणाच्या मनात असेल तर त्याला नुसतं ‘छान आहे’ एवढं सांगून उपयोग नाही.

मी हवाई दलात एअरफ्रेम फिटर, म्हणजे विमानाचा सांगाडा आणि त्यातली यंत्रणा तपासणारा कारागीर होतो. तांबरमला ट्रेनिंग झालं, पुढे नॅटवर आणि नॅटमध्येच सुधारणा करून बनवलेल्या अजितवर काम केलं. निवृत्त होऊन कुडाळ तालुक्यातल्या घरी परतलो तेव्हापासून दर १४ डिसेंबरला शाळेत फ्लाइंग ऑफिसर निर्मलजीत सिंग सेखों यांच्याबद्दल बोलायला मला बोलावतात. १९७१ च्या युद्धात याच तारखेला श्रीनगर राखताना त्यांना वीरगती मिळाली. परमवीर चक्र म्हणजे काय, हे इथल्या मुलांना सांगावं लागत नाही. कारवारजवळच्या चेंडिया गावचे रामा राघोबा राणे आपल्या किनाऱ्याचेच. १९४८ मध्ये नौशेरा-राजौरी रस्त्यावरचे सुरुंग आणि अडथळे काढून त्यांनी रणगाड्यांना वाट करून दिली, ती गोष्ट मुलांना पाठ असते. पण २१ परमवीर चक्रांपैकी हवाई दलाच्या वाट्याला आलेलं एकच, आणि ते सेखों यांचं. हे सांगितलं की पुढचा प्रश्न ठरलेला: “त्यांनी किती विमानं पाडली?”

पाडलेल्या विमानांच्या आकड्यावरून वैमानिकाला मोजावं, हे मला कधीच पटलेलं नाही. ज्यांनी विमानाखाली उताणं पडून, हाताला तेल लावून काम केलंय त्यांच्यातल्या कोणालाच ते पटणार नाही. मुलांच्या हातात दुसरं काही माप द्यावं, म्हणून ही लाकडी विमानं.

मेस्त्री साठीच्या पुढचे आहेत. त्यांच्याकडे मुख्य काम पाट, चौरंग, भातुकली आणि रंगवलेली लाकडी फळं यांचं. विमान म्हणून त्यांनी आजवर केलं होतं ते पाळण्यावर टांगायचं, जाडजूड पंखांचं. मी तिन्ही बाजूंचे नकाशे मापासकट कागदावर काढून नेले होते. त्यांनी नॅटच्या कागदावर फूटपट्टी ठेवली, मग सेबरच्या कागदावर ठेवली आणि विचारलं, “ह्यां विमान एवढां बारकां?”

“होय मेस्त्री, खरां पण तसांच आसा.”

खऱ्या नॅटची लांबी ८.७४ मीटर आणि पंखांचा पसारा ६.७३ मीटर. आपल्या लाल एसटीपेक्षा ते आखूड. सेबर दोन्ही बाजूंनी साडेअकरा मीटरच्या आतबाहेर. लाकडात उतरलं तेव्हा नॅट भरलं ३६ सेंटीमीटर लांब आणि २८ सेंटीमीटर रुंद, तर सेबर ४७ बाय ४७. कपाटात दोन्ही शेजारी ठेवली आणि मुलांना काही सांगायच्या आधीच पहिल्या रांगेतली एक मुलगी म्हणाली, “सर, हे तर पिल्लू आहे.” सेखों लढले त्या दिवशी श्रीनगरवर अशी सहा सेबर आली होती, एवढंच मी तिला सांगितलं. ती कपाटाकडे बघत राहिली. माझे साडेआठ हजार तिथेच वसूल झाले (पाचशे रुपये पॅकिंग आणि पॉलिशचे, ते मेस्त्रींनी आधीच सांगितले होते).

आता कामाबद्दल. धड शिवणीचं आहे, पंख आणि शेपटी सागाची. पांगारा हलका आणि कोरायला मऊ, फळांना तोच लागतो, पण पंखासारखा पातळ भाग त्यात टिकत नाही असं मेस्त्रींचं म्हणणं पडलं आणि ते बरोबर होतं. पावसाळी हवेतही सागाचे पंख वाकलेले नाहीत. रंग मी देऊ दिला नाही. लाकूड लाकडासारखंच दिसावं, फक्त नॅटच्या पंखांवर तिरंगी चकत्या आणि शेपटीवर तिरंगी पट्टा. त्या चकत्या मेस्त्रींच्या सुनेने हाताने काढल्या आहेत, कडा इतक्या नेमक्या की स्टिकर वाटावेत.

एका जागी मात्र आमची चांगलीच खडाजंगी झाली. नॅटचे पंख धडाच्या वरच्या अंगाला, खांद्यातून निघतात आणि टोकाकडे किंचित खाली झुकतात. मेस्त्रींना वाटलं माझा कागदच तिरका आलाय, म्हणून त्यांनी पंख सरळ करून चिकटवले. विमान देखणं दिसत होतं, पण ते नॅट नव्हतं. मी घ्यायला नकार दिला. त्यांनी विमान हातात घेऊन फिरवून फिरवून बघितलं, आत गेले, सांधा कापला आणि नवे पंख बसवायचं कबूल केलं. त्याचा एक रुपयाही जास्त घेतला नाही. असा कारागीर आता किती ठिकाणी सापडेल?

चाकांचंही तसंच. “चाकां खंय जातत? पंखात?” त्यांनी विचारलं. नाही, नॅटची चाकं धडाच्या पोटात जातात, म्हणून तर ती एकमेकांच्या इतकी जवळ दिसतात. शिवाय हवेत वेग कमी करायचा असेल तर तीच चाकं अर्धवट खाली सोडायची, त्यांच्या झडपा ब्रेकचं काम करतात. वेगळा ब्रेक बसवायला त्या धडात जागाच नव्हती. टेडी पेटर या इंग्रज डिझायनरने विमान हलकं आणि स्वस्त ठेवण्यासाठी एकेका भागाला दोन-दोन कामं लावली होती. फिटरला त्याचं कौतुक वाटतं आणि त्रासही होतो, कारण आत हात घालायला जागा नसते. मेस्त्रींनी चाकं काढता-घालता येतील अशी केली आहेत. मी एवढं मागितलं नव्हतं, त्यांना स्वतःलाच तसं करावंसं वाटलं.

तोफांची भोकंही नीट जागेवर आहेत. नॅटला ३० मिलिमीटरच्या दोन तोफा, हवा आत घेणाऱ्या दोन तोंडांच्या बाहेरच्या बाजूला एकेक. सेबरला नाकाच्या दोन्ही अंगांना तीन-तीन मशिनगन. १९६५ मध्ये नॅटच्या तोफा ऐन वेळी अडकत, हायड्रॉलिक्स आणि शेपटीच्या नियंत्रणाच्या तक्रारी तर नॅटच्या जन्मापासूनच्या. तरी त्याच वर्षी ३ सप्टेंबरला ट्रेव्हर कीलर यांनी नॅटमधूनच सेबरवर मात केली आणि त्यांना वीर चक्र मिळालं. २२ नोव्हेंबर १९७१ ला बंगालच्या सीमेवरच्या बोयराच्या आकाशात मॅसी, गणपती आणि लाझारस या तिघांनी नॅटमधूनच सेबर पाडली. विमान अवखळ होतं, पण हात जाणता असेल तर सेबरच्या आतल्या बाजूने वळायचं.

सेबर कोरायला घेतलं त्या वेळी मेस्त्रींनी एक प्रश्न विचारला. तो इथे लिहायलाच हवा. “दुश्मनाचां विमान कित्याक एवढां बरां करूचां?” त्यांचा सूर भांडणाचा नव्हता, खरंच विचारत होते. मी त्यांना सांगितलं, सेबर उत्तम विमान होतं आणि ते चालवणारे कसलेले होते. सेबर वेडंवाकडं कोरलंत तर सेखों यांचंच मोठेपण कमी होईल. त्या लढाईत समोर असलेले पाकिस्तानी वैमानिक सलीम बेग मिर्झा यांनी पुढे लेख लिहून सेखों यांच्या लढण्याचं कौतुक केलं. ज्याने तुमच्यावर गोळ्या झाडल्या त्याने तुमच्या उड्डाणाची तारीफ करावी, याच्याइतकं मोठं प्रशस्तिपत्र मला माहीत नाही. मेस्त्रींनी सेबरला नॅटपेक्षाही जास्त वेळ दिला. त्याची मागे कललेली पंखरेषा बोट फिरवून बघावी अशी झाली आहे.

दोन्ही विमानं टेबलावर ठेवून मी मुलांना १४ डिसेंबर १९७१ ची सकाळ सांगतो, ती अशी.

१९४७-४८ च्या युद्धानंतरच्या आंतरराष्ट्रीय करारामुळे श्रीनगरला लढाऊ विमानं ठेवलेली नव्हती. १९७१ चं युद्ध पेटलं तेव्हाच १८ व्या स्क्वाड्रनची नॅट तिथे गेली. म्हणजे डोंगर अनोळखी, पाच हजार फुटांवरची हवा अनोळखी आणि काश्मीरचा डिसेंबर. सेखों यांची नोकरी तेव्हा साडेचार वर्षांची. त्या सकाळी खोऱ्यात धुकं होतं. पेशावरहून सहा सेबर आली, चार बॉम्ब घेऊन आणि दोन त्यांच्या राखणीला. सेखों आणि त्यांचे लीडर फ्लाइट लेफ्टनंट घुम्मन तयारीवर होते. घुम्मन पुढे निघाले, त्यांच्या विमानाने उडवलेली धूळ खाली बसेपर्यंत सेखों यांना काही क्षण थांबावं लागलं आणि तेवढ्यात धावपट्टीवर बॉम्ब पडायला लागले.

इथे मी थांबतो आणि नॅट एका मुलाच्या हातात देतो. विमान जमिनीवर असताना त्याच्याइतकं दुबळं काही नसतं. वेग नाही, उंची नाही, वळता येत नाही, पोटात इंधन काठोकाठ. पुढच्या धावपट्टीला खड्डा पडलाय की नाही हे धुळीत दिसत नाही. त्या क्षणी इंजिन बंद करून उतरून खंदकात गेले असते तर कोणीही बोट दाखवलं नसतं, कुठल्याही चौकशीत तो निर्णय बरोबर ठरला असता. सेखों यांनी थ्रॉटल पुढे केलं. माझ्या लेखी परमवीर चक्र तिथेच कमावलं गेलं, पहिली गोळी झाडण्याच्या आधी.

वर गेल्यावर त्यांनी बॉम्ब टाकून परत जुळणारी सेबरची जोडी गाठली. धुरकट हवेत घुम्मन यांची आणि त्यांची चुकामूक झाली, ते एकटे पडले. झाडांच्या शेंड्यांइतक्या उंचीवर, डोंगरांच्या कुशीत ती लढाई चालली. दोन सेबरना त्यांच्या तोफा लागल्याचं सन्मानपत्रात म्हटलं आहे. पण मागून आणखी सेबर येत होती. सेखों यांच्या विमानाला गोळ्या लागल्या, तळावरून परत फिरायला सांगण्यात आलं. विमान काही वेळ पंख सरळ ठेवून उडत राहिलं, मग उलटं झालं आणि खाली गेलं. नियंत्रणाची यंत्रणा निकामी झाली असावी असं मानतात. अगदी शेवटी कॅनॉपी, म्हणजे वैमानिकाच्या डोक्यावरचं पारदर्शक झाकण, उडताना दिसली, बाहेर पडायचा प्रयत्न झाला होता, पण उंची उरली नव्हती. अवशेष एका घळीत सापडले. देह मिळाला नाही.

नियंत्रणाचं ते वाक्य उच्चारताना मला आजही जड जातं, कारण तो भाग आमचा. शेपटीकडे जाणारे दांडे, हायड्रॉलिकच्या नळ्या, त्यांचे सांधे या हातांनी तपासले आहेत. सेखों यांच्या वेळी मी हवाई दलात नव्हतो, पण ज्या विमानाच्या खोडी मी जवळून बघितल्या त्याच विमानात ते बसले होते आणि त्या खोडी त्यांना माझ्याहून जास्त माहीत होत्या. वैमानिक उड्डाणाआधी फॉर्म ७०० वर सही करतो. काल काय बिघडलं, कोणी दुरुस्त केलं, काय बदललं, सगळं त्यात असतं. सही म्हणजे ‘या पोरांनी केलेल्या कामावर मी माझा जीव ठेवतोय’. मग तो विमानाला फेरी मारतो, चाकं बघतो, पंखाच्या कडेवरून हात फिरवतो. वर बसला की आम्ही पट्टे आवळायचे, इजेक्शन सीटच्या सेफ्टी पिना काढायच्या आणि त्याला मोजून दाखवायच्या. मी पुष्कळ वैमानिक बघितले. उत्तम वैमानिक ओळखायची माझी खूण एकच होती: फॉर्म शेवटच्या ओळीपर्यंत वाचतो का, आणि न समजलेलं फिटरला विचारतो का. हवेत विमान फिरवण्याचं कसब बऱ्याच जणांकडे होतं. हे प्रत्येक सकाळी, कंटाळा न करता करणारे कमी. धावपट्टीवर बॉम्ब पडत असताना ज्याला क्षणात निर्णय घेता येतो त्याने असल्या हजार साध्या गोष्टी आधीच पुऱ्या करून ठेवलेल्या असतात, म्हणून त्या क्षणी त्याचं मन फक्त समोरच्या कामावर असतं.

मुलांना ही बाजू सांगितलीच पाहिजे. शौर्य म्हणजे डोक्यात राख घालून धावणं, अशी त्यांची कल्पना असते.

आता नाराजी. सर्वात मोठी कॅनॉपीबद्दल. मेस्त्रींनी ती लाकडाचीच कोरून वर काळी लाख चढवली आहे. दिसते सुंदर, पण आतली खुर्ची दिसत नाही आणि मला मुलांना नेमकी तीच दाखवायची होती, किती अरुंद जागेत माणूस बसतो ते. पारदर्शक प्लास्टिकचं काम आपण करत नाही, असं त्यांनी स्पष्ट सांगितलं. हे त्यांनी ऑर्डर घेतानाच सांगायला हवं होतं. दुसरं, पॉलिश फार चकचकीत आहे, ट्यूबलाइटखाली पंखावर नुसती चमक दिसते. मॅट फिनिश हवं असेल तर आधीच ठासून सांगा. सेबरचा स्टँड थोडा डुगडुगतो, मी खाली फेल्टचे तुकडे लावून घेतले. आणि वेळ: गणपतीच्या तोंडावर ऑर्डर दिली तर पाट-चौरंग आणि माटवीच्या कामापुढे तुमचं विमान मागे पडणारच. मला दिवाळीनंतर मिळालं, १४ डिसेंबरच्या आत मिळालं, म्हणून तक्रार करत नाही. पॅकिंग मात्र अव्वल. पेंढा, वर्तमानपत्र, वरून खोका, पंखांना वेगळा आधार. एसटीने नेलं तरी ओरखडा आला नाही.

माझी शिफारस अशी की तयार खेळणं घ्यायला जात असाल तर आळीत कुठेही जा, सगळीकडे चांगलंच मिळेल. पण खरं माप असलेली वस्तू हवी असेल तर नकाशा तिन्ही बाजूंनी काढून न्या, मापं मिलिमीटरमध्ये लिहा, आणि काम अर्धं झालं की एकदा प्रत्यक्ष जाऊन बघा. फोटो मागवून भागत नाही, पंखाचा कल फोटोत कळत नाही.

माझी पुढची ऑर्डर गेली आहे. मुलांना वाटू नये की मोठा वैमानिक म्हणजे फक्त लढाऊ विमानाचा आणि फक्त वीरगती मिळालेला. विंग कमांडर जगमोहन नाथ यांना महावीर चक्र दोनदा मिळालं, १९६२ ला आणि १९६५ ला. टेहळणीच्या त्यांच्या कॅनबेरा विमानात शस्त्र नव्हतं, कॅमेरे होते. शत्रूच्या मुलखावरून सरळ रेषेत उडायचं, कारण वळलं तर फोटो बिघडतो, आणि हे पुन्हा पुन्हा करायचं. एका सकाळचं धैर्य आणि वर्षानुवर्षं रोज नव्याने गोळा करायचं धैर्य, यांत मला डावं-उजवं करता येत नाही. आणि एअर कमोडोर मेहर सिंग. २४ मे १९४८ ला जनरल थिमय्यांना शेजारी बसवून त्यांनी डाकोटा हे मालवाहू विमान लेहला उतरवलं, ११ हजार फुटांहून उंच, सोनम नोर्बूंनी नुकतीच तयार करून घेतलेल्या कच्च्या पट्टीवर. त्या वाटेवरून तोवर कोणी विमान नेलेलं नव्हतं. लेह वाचलं ते त्या उड्डाणानंतर तिथे सैन्य आणि शिधा पोचवता आला म्हणून.

कॅनबेरा आणि डाकोटा दोन्ही चोविसास एकच करायची, हे मी मेस्त्रींना बजावलं आहे. त्यांनी माप लहान करायचं सुचवलं होतं, कारण डाकोटाचे पंख त्या हिशोबाने १२० सेंटीमीटरवर जातात आणि तेवढी फळी सलग मिळणं अवघड. पण माप बदललं तर नॅटशेजारी ठेवण्यात काही अर्थ राहणार नाही. आता ते पंख तीन तुकड्यांत करून आतून खुंटीने जोडणार आहेत. कपाटात ते मावायचं नाही. वाचनालयाच्या तुळईला टांगायला हेडसरांनी परवानगी दिली आहे, आकडे बसवायचं काम मी करणार आहे.